पाण्याऐवजी पावडर

आमच्या घरात झुरळं आहेत. येणाऱ्या पाहुण्यालाही मी सांगते, लपवण्यासारखं काय आहे त्यात? मोरीच्या जाळीतून येतात, ओट्यावर हिंडतात आणि मी चप्पल घेऊन त्यांच्या मागं धावते. पण त्यांच्यासाठी फवारा आणत नाही, खडूच्या रेघा ओढत नाही. कपाटात डांबरगोळ्या नाहीत, फरशीला फिनेल नाही. ज्वारीला ऊन दाखवते, कडुलिंबाचा पाला घालते, तरी सोंडे झालेच तर चाळत बसते. नांदेडात आमच्या अख्ख्या गल्लीला माझं हे वेड ठाऊक आहे. "तुमच्या घरात मुंग्यांनासुद्धा पेन्शन मिळते," असं शेजारचे मास्तर म्हणतात. म्हणू देत.

गेल्या महिन्यात सुनेनं फवाऱ्याची बाटली आणली. मी तिला ती उघडूही दिली नाही, तशीच खाली नेऊन घंटागाडीत टाकली. सून भडकली. भडकणारच की.

"आई, एकट्या आपल्या घरात नाही आणलं म्हणून काय होतंय? खालच्यांकडं दर महिन्याला औषध मारतात. भाजीवर मारलेलंच असतं. संध्याकाळी ती धुराची गाडी येते, तिला काय दार लावून अडवणार तुम्ही?"

खरं आहे तिचं. नाही अडवता येत. इतकी वर्षं खिडक्या लावतेय, भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवतेय, आणि मनातून पक्कं माहीत आहे की मी हरलेली बाई आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "हिच्यासमोर नको."

ही म्हणजे माझी धाकटी बहीण. खिडकीशी खुर्चीत लसूण सोलत बसली होती. तिला फिट येतात, लहानपणापासून. त्यापायी शाळा सुटली, लग्न झालं नाही. माय गेल्यावर मी तिला लातूरहून माझ्याकडं घेऊन आले.

"माझ्यासमोर नको म्हंजी काय गं, आक्का?" तिनं विचारलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही उदगीरकडच्या खेड्यातून शहरात आलो. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना कारकून लागत होते आणि अप्पा कारकून होते. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म घेतला तेव्हापासून घरात एकच कायदा होता: आपल्याला घाण म्हणायला कोणाला जागा ठेवायची नाही. कपडे फाटके चालतील, मळके चालणार नाहीत. माय हा कायदा अप्पांपेक्षा कडक पाळायची. पाहुणा उठून गेला की त्यानं काही नाक मुरडलं होतं का, हे आम्हा बहिणींना विचारायची.

खोली भाड्यानं मिळाली ती एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या वाड्याच्या मागच्या अंगाला. तिनं आडनाव विचारलं, गाव विचारलं, जरा थांबली, मग किल्ली दिली. "तेवढं हौदाला हात लावू नका. आमचं पाणी आम्हालाच पुरत न्हाई," म्हणाली. पुरत नव्हतं की हात लावू द्यायचा नव्हता? मला विचाराल तर दोन्ही. हौदाला पत्र्याचं झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. मायनं आम्हाला तिकडं फिरकूही दिलं नाही.

जिल्हा नवा झाला, पाट्या नव्या लागल्या, आणि पाठोपाठ दुष्काळ मात्र तोच जुना आला. हापसे कोरडे पडले. गल्लीच्या तोंडाला टँकर यायचा, कधी यायचा कधी नाही, आणि तो आला की चांगल्या घरच्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. डोकं धुवायची तर बातच सोडा.

अशा दिवसांत मायला आधार होता तो पावडरीचा. ज्वारीच्या पोत्यांना लावायला खेड्यातून आणलेली मळकट पांढरी पावडर, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरून कोनाड्यात ठेवलेली. सगळे तिला डीडीटी म्हणायचे, खरी काय होती कोणास ठाऊक. मुंग्या निघाल्या, टाक पावडर. बाजेत ढेकूण झाले, खाचांत भर पावडर. पाणी नव्हतं म्हणून मायनं आमचं घर पावडरीनं स्वच्छ ठेवलं. तिचा कुबट वास आमच्या पांघरुणांना यायचा आणि आम्हाला वाटायचं, हा स्वच्छतेचाच वास.

त्या उन्हाळ्यात कोणी मोठे साहेब येणार होते. धाकटीच्या शाळेतल्या पोरी स्वागताचं गाणं म्हणणार होत्या, आणि धाकटी पहिल्या रांगेत होती. तिचा आवाज गोड होता. आदल्या दिवशी ती दुपारी शाळेतून रडत आली. बाईंनी तिची वेणी पट्टीनं उचलून पाहिली होती आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "डोकं साफ करून आलीस तरच उभं राहायचं. न्हाई तर घरी बस."

मायचा चेहराच उतरला. धाकटीच्या डोक्यात उवा होत्या. सगळ्या शाळेच्या डोक्यात त्या वर्षी उवा होत्या, पण ऐकून घ्यावं लागलं ते आमच्या पोरीला.

मायनं कोनाड्यातला डबा काढला. पावडर खोबरेल तेलात कालवली आणि धाकटीच्या केसांच्या मुळांशी चोळचोळून लावली. वरून जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं. यात नवल काही नव्हतं, खेड्यात कितीतरी आया हेच करायच्या. फक्त तिथं आडाला पाणी असायचं. थोड्या वेळानं शिकेकाईनं खसाखसा धुऊन टाकलं की मोकळं. "टँकर आला की धुऊन टाकू," माय म्हणाली. टँकर दिवस कलता यायचा. मला घागरी देऊन तिनं कोपऱ्यावर नंबर धरायला पाठवलं.

मी निघाले तेव्हा धाकटी मायच्या मांडीवर डोकं ठेवून ते गाणं म्हणत होती आणि माय तिला पदरानं वारा घालत होती. मायला असं बसायला कधी फुरसत नसायची, म्हणून मला धाकटीचा हेवाच वाटला.

टँकर आला नाही. दिवस कलला, बाया शिव्या देऊन दमल्या, आणि घागरी पुढं सरकवणारं कोणी उरलं नाही तशी मी परत आले. खोलीत शिरताच तो वास नाकात बसला. उन्हाळा, वर पत्रे, आणि ते बांधलेलं डोकं. धाकटीनं एकदा ओकून टाकलं होतं. "डोकं जळून राहिलं, माय," एवढंच म्हणत होती.

रांजणात तळाशी पिण्यापुरतं पाणी होतं. मी म्हटलं, "माय, मालकिणीला मागू का बादलीभर?"

"काय म्हणून मागणार? पोरीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून सांगणार? उद्या खोली खाली करा म्हणंल. गप बस. येईल टँकर."

टँकर येईल! त्या शब्दांचा मला आजही संताप येतो. मायचा नाही येत. ज्यांनी तिला एक बादली मागायचीसुद्धा लाज शिकवली, त्यांचा येतो.

दिवेलागणीला धाकटीचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, आणि ती बाजेवरून खाली पडून तडफडू लागली. माय अशी किंचाळली की घरमालकीण धावत आली. म्हातारीनं ते फडकं पाहिलं, वास घेतला आणि कमरेची किल्ली काढून हौद उघडला. विटाळ नाही, काही नाही. स्वतःच्या हातानं बादलीवर बादली पोरीच्या डोक्यावर ओतली, मायच्या हातात साबण कोंबला. ओतता ओतता ओरडत होती, "अगं बाई, मागायचं न्हाई का? मागायचं न्हाई का गं? एका बादलीनं माझा हौद आटला असता का?"

माय नुसती केस चोळत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला काय लावलं होतं? माय म्हणाली, "तेल." पोर समोर निपचित पडलेली, आणि तरी तिच्या तोंडून उवांचं नाव निघेना. शेवटी म्हातारीच पुढं झाली. "पावडर लावली, डॉक्टरसाहेब. धान्याची पावडर." मायनं मान खाली घातली ती जन्मभरासाठी घातली.

अप्पा नंतर आले. त्यांच्या चपलांना चिखल होता. त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये मी चिखल पाहिलाच नव्हता, म्हणून मी त्या चपलांकडंच बघत राहिले. साहेबांच्या मंडपात धूळ उडू नये म्हणून टँकर तिकडं रिकामे केले होते. अप्पांना कचेरीनं तिथंच देखरेखीला उभं केलं होतं. "आपल्या गल्लीचापण?" मायनं विचारलं. "मला काय ठाऊक कोणत्या गल्लीचा होता," अप्पा म्हणाले, आणि बाहेर पायरीवर बसून काडीनं चिखल खरवडू लागले. खरवडताना रडत होते.

धाकटी वाचली. फिट मात्र राहिल्या. एक डॉक्टर म्हणाले पावडरीनंच झालं, दुसरे म्हणाले तिच्यात ते असणारच, पावडर निमित्त झाली. मायला डॉक्टरांची गरजच नव्हती. तिनं तो डबा घराबाहेर काढला, पण टाकायचा कुठं? उकिरड्यावर टाकला तर शेळ्या तोंड घालतील, पुरला तर जमिनीत उतरेल. डबा हातात घेऊन ती अंगणात किती वेळ उभी होती. शेवटी कुठं नेला ते तिनं सांगितलं नाही.

घरात तो विषय कायमचा बंद झाला. धाकटीला त्या दिवसातलं फारसं आठवत नव्हतं, आणि तिला काही सांगायचं नाही असं मायनं आम्हाला बजावलं होतं. त्यानंतर मायनं तिच्यासाठी काय नाही केलं? फिट आली की पदराचा बोळा करून जवळ बसायची, तिचं जेवण, तिची औषधं, सगळं. पण तिच्या केसांना तिनं पुन्हा हात लावला नाही. वेणी मीच घालायची. माझं लग्न झाल्यावर धाकटीनं केस कापून टाकले. माय शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा धाकटीनं तिच्या हाताखाली आपलं डोकं नेऊन ठेवलं. मायनं हात पदराखाली ओढून घेतला. मी समोर होते, मी पाहिलं ते.

फवाऱ्यावरून भांडण झालं त्या संध्याकाळी मी धाकटीच्या डोक्याला तेल लावत होते. साधं खोबरेल. ती अचानक म्हणाली, "आक्का, तू सांगत न्हाईस, पर मला कळतंय माझ्यासमोर का नको ते. झुरळं, उवा, असलं काई निघालं की मला वाईट वाटंल म्हणून ना?"

"काय बोलायलीस?"

"मायला माझी किळस आली होती गं. उवा झाल्या तवापासून. त्या दिवशी दुपारभर मांडीवर घेतलं तिनं मला, मग कधीच न्हाई. मी लई वाट पाह्यली."

सगळी वर्षं हिनं हे उराशी धरलं होतं, आणि आम्ही समजत होतो की आपण हिला जपतोय. मग मात्र मी मायचा शब्द मोडला. पावडर, टँकर, हौद, सगळं सांगितलं. "किळस न्हाई गं, बाई. ती तिच्या हातांना भ्यायची. त्या हातांनीच तिनं तुला ते लावलं होतं."

धाकटीनं आपल्याच केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी मी घाण नव्हते?"

"न्हाई गं."

"मग एकदा तरी सांगायचं होतं की तिनं." थोड्या वेळानं तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "आता असती, आन् मी सगळं समजून तिच्यापुढं बसले असते, तर लावला असता का गं हात?"

मला हो म्हणायचं होतं. मायचा पदराखाली ओढलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढं आला, आणि मी तिचं डोकं पुन्हा पुढं वळवून तेल चोळू लागले.