नऊ दिवसांनी पोचलेलं घड्याळ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गल्लीत तोंडावर 'घड्याळवाले' म्हणत आणि पाठीमागे 'गजर'. खरा गजर वाजायला तो आधी कुणीतरी लावावा लागतो, हा कुणी न लावताच वाजायचा. दूध पाच मिनिटं उशिरा आलं की दूधवाल्यावर, दुकानासमोर कुणी स्कूटर लावली की स्कूटरवाल्यावर आणि कुणीच सापडलं नाही तर बायकोवर. साठी उलटली तरी पारा काही उतरला नव्हता. हात मात्र सोन्याचे. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरला की पुढे तासभर तोंडातून शब्द निघायचा नाही. त्या तासांच्या जोरावर बायकोने पस्तीस वर्षं संसार केला.

अलीकडे गल्लीतली माणसं घड्याळ घेऊन येईनाशी झाली होती. वेळ मोबाइलवर दिसते, मग मनगटावरचं बंद पडलं तर पडलं. दुकानाला कुलूपच लागायचं, पण जावयाने इंटरनेटवरच्या एका मोठ्या कंपनीच्या बाजारात त्याच्या दुकानाचं पान उघडून दिलं. भंगारातून जुनी मोडकी घड्याळं उचलायची, जिवंत करायची आणि त्या पानावर विकायची. दोन वर्षं घरातली चूल त्या पानावर पेटत होती. पान गेलं की सगळंच गेलं, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. गजरालाही ठाऊक होतं, पण राग आला की तो ते विसरायचा.

आणि राग येण्याची सोय कंपनीने करून ठेवली होती. माल अमुक तारखेपर्यंत पोचेल असं वचन कंपनी द्यायची, माल न्यायची कंपनीच, उशीरही करायची कंपनीच. तारीख टळली की गिऱ्हाइकाने एक बटण दाबायचं, पैसे परत. इथवर कुणाची तक्रार नाही. पण पार्सल दोन दिवसांनी सुखरूप पोचलं तर? तर माल गिऱ्हाइकाच्या घरात, पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात आणि विकणाऱ्याच्या हाती धुपाटणं. गजराचं असं दोनदा झालं होतं. एका गिऱ्हाइकाने फोन उचलणंच बंद केलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, कंपनीने दिलं ते मी घेतलं, तुम्ही मला का त्रास देता? कंपनीला फोन लावला तर तिथली मुलगी मधात बोट बुडवून बोलली की तुमची अडचण आम्हाला समजते. समजते तर सोडव, असं गजर म्हणाला आणि फोन कटला. सभ्य चोर तो यांच्यातच बघावा, दरोडेखोर बिचारे निदान तोंड तरी लपवतात.

तिसरं घड्याळ मात्र त्याच्या जिवाचं होतं. काळ्या लाकडाचं, टेबलावर ठेवायचं, तासातासाला ठोके देणारं. भंगारात मिळालं तेव्हा आतल्या एका चक्राचे दातच झडलेले होते. तसं चक्र बाजारात मिळेना, म्हणून त्याने पितळेच्या पत्र्यातून ते स्वतः कापलं आणि एकेक दात कानशीने घासून बसवला. सात आठवडे गेले. घेणारा निघाला त्याच शहरातला, पुलापलीकडचा दातांचा डॉक्टर. गजर तासाभरात चालत नेऊन देऊ शकला असता. पण माल कंपनीच्याच माणसाने न्यायचा, हा नियम. त्या माणसाने तो दुसऱ्या शहरातल्या गोदामात नेला आणि तिथून पुन्हा इकडे आणला. वचन सहा दिवसांचं होतं, लागले नऊ. सातव्या दिवशी डॉक्टरचे पैसे परत गेले, नवव्या दिवशी घड्याळ पोचलं. डॉक्टर गप्प.

अकराव्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. पैशांविषयी नव्हता. घड्याळ चालत नाही, चावी आलेलीच नाही, ती लगेच पाठवा, असं त्याचं म्हणणं होतं.

चावी येणारच नव्हती. फार वर्षांपूर्वी पेटीत सुटलेल्या एका चावीने आतली तबकडी ओरबाडली होती, तेव्हापासून गजर चावी घड्याळासोबत पाठवायचाच नाही. घड्याळ मिळालं असा गिऱ्हाइकाचा फोन आला की मग चावी वेगळ्या पाकिटातून टपालाने जायची. जावयाने कितीदा सांगितलं होतं, "मामा, सगळं एकाच खोक्यात टाका, नाहीतर कंपनी माल अपुरा धरते." त्यावर गजर म्हणायचा, कंपनीला घड्याळ कशाशी खातात ते तरी माहीत आहे का? आज त्याला आपल्या सवयीचा अभिमान वाटला. बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका चावी. पुन्हा करू घड्याळ. पान राहिलं तर आपण राहू." तोवर त्याने चपला घातल्या होत्या.

दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर घड्याळ दिमाखात ठेवलेलं होतं, भलतीच वेळ दाखवत. तिथल्या बाईंनी त्याला नंबर घ्यायला सांगितलं. त्याने घेतला. आपलंच बंद घड्याळ बघत तो चाळीस मिनिटं बसला, आणि अशा माणसाला चाळीस मिनिटं बसवणं हा शुद्ध मूर्खपणा होता. शेवटी डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आला.

"चावी आणलीत?"

"आणली. पैसे द्या आणि घ्या."

"पैसे मला कंपनीने दिले. तुमचं काय ते कंपनीशी बघा."

"बटण तुम्ही दाबलंत, घड्याळही तुम्हीच ठेवून घेतलंत."

"उशीर झाला म्हणून दाबलं. तो माझा हक्क आहे."

"मग मीही आज दाढ काढून घेतो," गजर म्हणाला, "आणि फी न देता जातो. तुम्ही मला चाळीस मिनिटं बसवलंत ना."

बाकावरच्या सुजल्या गालाच्या आजी हसल्या आणि कळ आली म्हणून लगेच गाल धरून बसल्या. बाकीचेही हसले. डॉक्टरचा चेहरा उतरला. पाकिटाकडे त्याचा हात गेला नाही, यावरून काय ते समजावं. तो एवढंच म्हणाला, "घेऊन जा ते डबडं. तुमच्याबद्दल काय लिहायचं ते मी लिहितो."

डबडं हा शब्द गजराला सुरीसारखा लागला. त्याने घड्याळ उचललं, छातीशी धरलं आणि तासभर चालत घरी आला. वाटेत पुलावर तो एकटाच हसला. कुणालातरी पुरतं नमवून आल्याला त्याला फार वर्षं झाली होती. घरी आल्यावर त्याने चावी दिली, काटे लावले आणि बायकोला हाक मारून डॉक्टरची फजिती नकलेसकट सांगितली.

बायको ऐकत होती, पण हसली नाही. जावयाचा फोन अर्ध्या तासापूर्वीच येऊन गेला होता. डॉक्टरने शब्दाला जागून लिहिलं होतं: माल अपुरा, विकणारा दवाखान्यात येऊन रुग्णांसमोर भांडला आणि माल घेऊन गेला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या दारात जायचं नाही, गेला तर पान कायमचं बंद, असा कंपनीचा नियम होता. उशीर करणाऱ्या गोदामासाठी असा कुठलाही नियम नव्हता. पान बंद झालं होतं.

गजराने कंपनीला फोन लावला. आता ती मुलगीही नव्हती, नुसती रेकॉर्ड केलेली सूचना होती, की आपलं खातं अस्तित्वात नाही. त्याने तीनदा ऐकली. सूचनेतल्या बाईला शिव्या देऊन उपयोग नव्हता, तरी त्याने दिल्या. मग डॉक्टरला, गोदामाला, जावयालाही दिल्या.

बायकोने ते सगळं होऊ दिलं. मग पदराने घड्याळाच्या काचेवरचे त्याच्या बोटांचे ठसे पुसले.

"घड्याळ तर आणलंत," ती म्हणाली. "आता विकायचं कुठे?"

तिच्यावर ओरडायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात घड्याळाने पाचचे ठोके दिले. ते संपेपर्यंत दोघंही थांबले. मग त्याने चावी घड्याळाशेजारी ठेवली.