आप्पांच्या तोंडावरून समुद्राकडे

समुद्रकिनारा अपंगांसाठी सोयीचा करायची चळवळ कोकणात नव्हे, शिरूरमध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या सभेचं निवेदन मी केलं, हे सांगताना आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. शिरूरहून समुद्र दिसत नाही. गच्चीवर चढलात तरी नाही. दिसते ती घोडनदी, आणि उन्हाळ्यात तीही तोंड लपवून असते.

चळवळीला कारण माझी आत्या. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायची. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले होते. जिभेला मात्र त्याने हात लावायचं धाडस केलं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी कोकणची सहल काढली. आत्याच्या खुर्चीची चाकं वाळूत पहिल्याच पावलाला रुतली. बायकांनी तिला सुरूच्या झाडाखाली बसवलं, आपापल्या चपला आणि पर्सा तिच्याजवळ ठेवल्या आणि पाण्यात धावल्या.

“समुद्र कसा होता?” मी नंतर विचारलं.

“मला काय म्हाईत? म्या चपला बघितल्या. निम्म्या बायकांचे अंगठे तुटल्यात.” मग म्हणाली, “आरं, माझे पाय चालत न्हाईत, पन गार-गरम समदं कळतं त्यास्नी. एकदा समुद्रात बुडवायचेत.”

मी त्या काळी तालुक्याचा हुकमी निवेदक होतो. सत्कार असो, स्नेहसंमेलन असो, माईक माझ्याच हातात. मी थेट कवठे येमाई गाठलं आणि तिथल्या दूध सोसायटीच्या चेअरमनना भेटलो. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मी योजना मांडली: वाळूवरून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट करायची. आत्याही जाईल, पुढे खुर्चीवरून येणारा दुसरा कुणीही जाईल.

“समुद्र आपल्या तालुक्यात येत न्हाई,” आप्पा म्हणाले.

“तुमचं नाव तर जाईल, आप्पा.”

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. “कुठं लावनार?”

तिथून पुढे मदतीचा ओघ असा सुरू झाला, की मार्केट यार्डात मंडप घालून कार्यक्रम घ्यावा लागला. ‘आत्या’ म्हणताना मी प्रत्येक वेळी आवाज कापरा केला. लोकांनी डोळे पुसले आणि खिशात हात घातले. आत्याचा सत्कार ठरला होता, पण स्टेजला पायऱ्या. खुर्ची वर जाईना. तेव्हा मान्यवर स्टेजच्या कडेला ओणवे झाले आणि त्यांनी वरूनच शाली सोडल्या. पहिली फोटोग्राफरच्या डोक्यावर पडली, बाकीच्या नेमक्या लागल्या. भर मे महिन्यात एवढ्या शाली अंगावर घेऊन आत्या मला म्हणाली, “मला समुद्रात न्यायचंय का भट्टीत?”

शाली, मंडप, जेवणावळ यांतून जे उरलं त्याचे बोर्ड झाले. प्रत्येक देणगीदाराचा स्वतंत्र प्लायवूडचा बोर्ड, त्यावर नाव, पद आणि पेंटरने रंगवलेला हसरा चेहरा. कारखान्यांना मजूर पुरवणाऱ्या कारेगावच्या ठेकेदाराने आपला बोर्ड आप्पांच्या बोर्डापेक्षा हातभर लांब करून घेतला. आप्पांनी स्वतःचा पुन्हा करून घेतला.

“आणि फळ्या?” मी विचारलं.

“कोकनात झाडंच झाडं हायती. तिथं घिऊ.”

जीपमध्ये आत्या आणि मान्यवर, मागच्या टेंपोत बोर्ड, असे आम्ही कोकणात उतरलो. तिथल्या वखारवाल्याने रोख मागितली. आमच्याकडे रोख म्हणून उरलं होतं ते पावतीपुस्तक. आप्पा म्हणाले, फोटो तर काढू, फळ्यांचं नंतर बघू. बोर्ड ओळीने सुरूच्या झाडांना टेकवले. इतके चेहरे समुद्राकडे बघून हसत होते, की समुद्रच जरा मागे सरकला असावा. आत्या झाडाखाली. ठेकेदाराने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला तिच्या खुर्चीशेजारी काढल्या आणि तो म्हणाला, “आक्का, वाईच ध्यान ठिवा.”

आत्याने चपलांकडे बघितलं. मग बोर्डांकडे.

“ते आप्पा आडवे करा,” ती म्हणाली.

“म्हंजी?”

“बोर्ड हो. वाळूवर टाका. चाक रुतनार न्हाई.”

आप्पांचा चेहरा बोर्डावरच्या चेहऱ्यापेक्षा लाल झाला. “माझ्या तोंडावरनं चाक घालनार व्हय?”

“कडंकडंनं घालते. मिशी सांभाळते.”

बोर्ड उलटा टाकून बघितला, पण मागच्या लाकडी पट्ट्यांना चाक अडकायला लागलं. तोंड वर ठेवण्यावाचून इलाज नव्हता. आप्पा पुटपुटत बाजूला झाले, मी खुर्ची ढकलली. आप्पा संपले, पुढे ठेकेदार, मग बाकीचे देणगीदार आणि सगळ्यात शेवटी वर्गणी देऊन घरीच राहिलेले कारेगावचे सरपंच. मग बोर्ड संपले आणि पाणी अजून लांबच.

आत्या मागे वळून म्हणाली, “आप्पा, तुमचं नाव पार मागं राह्यलं की! समुद्राजवळ सरपंचाचा मान दिसतोय.”

आप्पांनी वाळूतून स्वतःचा बोर्ड उपसला आणि धावत नेऊन पुढे टाकला. ते ठेकेदाराला कसं सोसावं? त्याने आपला उचलला आणि त्याच्याही पुढे अंथरला. मग जी जुंपली! वाट आपोआप पुढे सरकू लागली. मला राहवेना, मी आवाज लावला, “आणि आता पुढे येत आहेत, सर्वांचे लाडके आप्पा!” किनाऱ्यावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. कुबड्या घेतलेले एक अनोळखी आजोबा आमच्या मागोमाग बोर्डांवर चढले. सरपंचांचा बोर्ड उचलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी तो हलवायला गेलो तर आजोबा ओरडले, “अहो, मी उभा आहे! खाली कोण आहे?”

“सरपंच.”

“मग राहू द्या जरा!”

शेवटचा बोर्ड आप्पांचा पडला, थेट लाटेच्या तोंडाशी. आत्याची खुर्ची त्यावर आली आणि पाणी आलं. तिच्या पायांवरून गेलं, परतलं, पुन्हा आलं. आत्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. मी घाबरून पुढे वाकलो.

“गार हाय,” ती म्हणाली. “लई गार हाय.”

पुढची लाट मोठी होती. खुर्ची कलंडू लागली तशी आप्पांनी तिच्या मागच्या दोन्ही मुठी पकडून ती उचलून धरली. तेवढ्यात खालचा बोर्ड सुटला आणि तोंड वर करून हसत हसत समुद्रात निघाला.

“आप्पा, तुमचं नाव चाललं!” ठेकेदार आनंदाने ओरडला.

आप्पांनी बोर्डाकडे बघितलं. “सोडू का, आक्का?”

“सोडा की. नाव तुमचं हाय.”

आप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहिले, पण मुठी सोडल्या नाहीत. बोर्ड ठिपक्याएवढा होईपर्यंत आत्या पाय बुडवून बसली होती.

“आन् ठेकेदार,” ती मागे न बघताच म्हणाली, “तुमच्या चपलांवर ध्यान ठिवायला तिथं आता कुनी न्हाई बरं का.”