पंडुमाआधीची कैरी

कैरीचा वास आला की मला अजून त्या साहेबांची बोटं आठवतात, आणि किळस येते.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात मी शिकवते. शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर आलापल्लीकडच्या निवासी शाळेत जागा मिळायला हवी, नाहीतर शिक्षण तिथंच संपलं. त्या वर्षी चौथीतली एक मुलगी तिकडे जायला आसुसली होती. घरी माडिया बोलणारी, मराठी माझ्याकडून शिकलेली. माझी मराठी चंद्रपूरकडची, म्हणून तिचीही तशीच, 'मले-तुले'वाली. पण बोलायला लागली की थांबायची नाही.

जागा द्यायची की नाही ते ठरवायला शहरातून एक भाषातज्ज्ञ साहेब आले. जीपमधून उतरले तेच नाकानं कांदे सोलत. मी म्हटलं, "या सर, लेकरं केव्हाची वाट पाहून राह्यली." तर म्हणतात, "बाई, तुम्हीच असं बोलता, मग मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलीची जागा त्यांच्या हातात होती, म्हणून त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.

साहेबांची म्हणे एक पद्धत होती. पुस्तकातलं काही विचारायचं नाही. वस्तू समोर ठेवायची, मूल अनुभव घेतं आणि भाषा आपोआप येते. पद्धतीत वाईट काही नाही, चिंचा आणि मोहफुलं मीही वर्गात आणते. साहेबांनी वाटेतल्या झाडाच्या कैऱ्या तोडून आणल्या होत्या. एक चिरली, फोडीला मीठ लावलं आणि मुलीपुढे धरली.

"खा, आणि चव कशी आहे ते सांग."

मुलीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

गावचा गायता, म्हणजे पुजारी, देवाला नवा आंबा वाहतो. त्या सणाला इथं पंडुम म्हणतात. तो होईपर्यंत यंदाच्या आंब्याला कुणी तोंड लावत नाही, झाडाखाली सडा पडला तरी नाही. पंडुम अजून व्हायचा होता. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, भाषातज्ज्ञांना नव्हतं.

"अगं, कशी लागते कैरी?"

"यंदाची अजून नाई मालूम," ती हळूच म्हणाली.

साहेब हसले. "जंगलात राहते आणि कैरीची चव माहीत नाही! साधं 'आंबट' म्हणता येत नाही?"

आमचे मुख्याध्यापक घाबरले. "खाऊन टाक नं गं! काऊन हट्ट करून राह्यली? एवढ्याश्यानं काय होते!" हा माणूस बरीच वर्षं याच गावात राहिलेला, दरवर्षी पंडुमाचं जेवण जेवलेला. साहेबांपेक्षा मला त्याचीच जास्त शिसारी आली.

मुलगी हलली नाही. शेवटी मीच साहेबांना सगळी रीत समजावून सांगितली. ते एकदम खूश. "अरे वा, इंटरेस्टिंग!" मोबाइल काढून माझ्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. मला वाटलं, सुटली पोर. मोबाइल खिशात गेला आणि म्हणाले, "पण हे तिनं सांगायला हवं होतं, पूर्ण वाक्यात. आपण सण नाही, भाषा तपासतोय." मग तीच फोड त्यांनी सगळ्या पोरांसमोर स्वतःच्या तोंडात टाकली. मचमच करत खाल्ली, हाताला लागलेलं मीठ चाटलं, एकेक बोट चोखलं. पोरं डोळे विस्फारून बघत होती. चोखता चोखताच निकाल सांगितला, "व्यक्त होत नाही ही. यंदा नको."

जीप गेल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. डोळे भरलेले होते. जागा गेली हे तिला कळलं होतं, 'यंदा नको' समजायला काही व्याकरण लागत नाही. ती जागेबद्दल विचारेल म्हणून मी मनात शब्द जुळवत होते. तिनं भलतंच विचारलं.

"बाई, साहेबाच्या गावचा पंडुम होऊन गेला असंन नं? नाईतर त्याईनं कैरी कायले खाल्ली असती?"

"हो, होऊन गेला असंन," मी म्हणाले. असल्या माणसाची लाज मला राखावी लागली, याचीच मला अजून शिसारी येते.