गितारबुवांचं शेवटचं कडवं

अकोल्याकडच्या मालेगावजवळ आमच्या ख्रिस्ती वस्तीत गितारबुवांइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. मिशनची मडम विलायतेला परत जाताना आपली गिटार त्यांना देऊन गेली. बुवांनी तिच्या खुंट्या पिळून सगळ्या तारा दोनच सुरांत लावल्या आणि एकतारीसारखी ती उभी धरून वाजवायला लागले. पाद्रीसाहेब म्हणाले, "अशी नाही वाजवत." बुवा म्हणाले, "ज्यानं तुमचे हात घडवले, त्यानंच माहे घडवले, साहेब. त्यानं नाई म्हटलं का?" 'बुवा' हा कीर्तनकारांचा शब्दही साहेबांना खटकायचा, पण लोकांनी तो सोडला नाही.

मी त्यांची शेजारीण. नवरा गेल्यावर मागून झील धरायला त्यांच्यासोबत शेलूबाजारच्या बाजाराला जाऊ लागले. लोकांनी नावं ठेवली, ठेवोत बापडे. बुवा आधी हाळी द्यायचे, "जय ख्रिस्त, मंडळी! आइकू येते का?" समोरून होकार आल्याशिवाय पुढे एक अक्षर नाही. भाजीवाल्या वैतागून ओरडायच्या, "येते बाप्पा, येते! म्हना एकदाचं!"

गाणं त्यांच्या बायकोचं, सारजाचं. तिनं जात्यावर बसून रचलेलं. सारजा पटकीच्या साथीत गेली. त्या धामधुमीत तिला कुठं पुरलं हे बुवांनाही नीट ठाऊक नव्हतं. दगड नाही, क्रूस नाही. तिच्या नावाला जागा उरली होती ती गाण्याच्या शेवटच्या कडव्यात:

दळता दळता माह्या हाताले पडला घाव,
सारजा म्हने येसुराया, खुट्याले हात लाव.

हे कडवं आलं की बुवा डोळे मिटायचे. "पोरी, माही सारजा इथं पुरली हाय," म्हणायचे.

मग अकोल्याला गाण्याच्या तबकड्या भरणारे लोक आले. पाद्रीसाहेबांनी बुवांचं नाव घातलं. बुवा आठवडाभर हवेत होते. "आता मी मेलो तरी सारजा गावोगाव जाईन," जो भेटेल त्याला सांगत सुटले. आम्ही अकोल्याला गेलो, तर एका बंगल्यातली खोली गोधड्या टांगून बंद केली होती. तिथल्या बाबूनं बजावलं, "लाल दिवा लागला की गायचं, विझला की संपलं. तबकडी तीनच मिनिटांची आहे." बुवांनी मान डोलवली.

दिवा लागला. आणि बुवांनी त्या भिंतीवरच्या गोधड्यांना हाळी दिली, "जय ख्रिस्त, मंडळी! आइकू येते का?" दिली ती दिली, वर उत्तराची वाट बघत थांबले! बाबू काचेआडून हात हलवतोय, मी कोपरानं ढोसतेय, पण बुवा ढिम्म. शेवटी मीच "येते बाप्पा" म्हटलं, तेव्हा कुठे तार छेडली. पुढे प्रत्येक धृपद बाजारातल्यासारखं दोन-दोनदा. शेवटचं कडवं यायच्या आत दिवा विझला. बुवांचे डोळे मिटलेले. ते सारजापर्यंत गात गेले, आणि यंत्र कधीच बंद झालेलं. "पुन्हा भरा ना हो," मी बाबूच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, "तबकडी कोरायचं मेण उरलं नाही, बाई. इतकं पुरे." पाद्रीसाहेबही म्हणाले, "छान झालं की."

बुवांना सांगायची माझी जीभ रेटली नाही. तबकडी वस्तीत आली त्या दिवशी सगळे मिशनच्या अंगणात जमले. बुवांनी टोपी धुऊन घातली होती. तबकडीतून हाळी आली तशी अख्खी वस्ती ओरडली, "येते बाप्पा, येते!" आणि हसली. बुवाही हसले. मग सारजाच्या आधीच सुई खरखरली.

"पलटवा," बुवा म्हणाले. "मांगच्या अंगाले असन." मागच्या अंगाला मिशनच्या पोरांचं पेटीवरचं गाणं निघालं. बुवा उठून उभे राहिले. "सारजा काहून नाई आली?" पाद्रीसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "देवाला तिचं नाव ठाऊक आहे."

"देवाले तं ठाऊकच हाय," बुवा म्हणाले. "लोकाइले सांगाचं होतं."

त्यानंतर तबकडी कुठंही लागली की बुवा गिटार घेऊन हजर. सुई उचलली की उभे राहून ते कडवं गायचे. लोक आधी ऐकायचे, पुढे चुळबुळ करायचे, पुढे उठून जायचे. बुवा रिकाम्या अंगणातसुद्धा पुरं करायचे. एका हिवाळ्यात गेले. त्यांच्या मातीला तीच तबकडी लावली. सुई उचलली आणि साहेबांनी लगेच प्रार्थना सुरू केली. राग असा आला म्हणता! मी मध्येच ते कडवं म्हटलं. कुणी झील धरली नाही.

आता मिशनच्या देवळात ते गाणं दर नाताळाला होतं. पोरं तबकडीवरूनच शिकली, त्यामुळे तबकडीइतकंच गातात. ती थांबली की मी एकटी पुढचं म्हणते. परवा एक पोरगी जवळ आली, चांगली लाघवी पोर, आणि माझा हात धरून म्हणाली, "मावशी, सारजा मंजे तुमीच का?"