अंजनाकाकींच्या काट्यावरची विंडोज

इस्लामपूर सोडून आष्ट्याच्या दिशेनं निघालं की डाव्या हाताला पत्र्याची एक छोटी खोली आणि तिच्यापुढं जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा लागतो. ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसकट त्यावर चढतो, खोलीतल्या यंत्रावर लाल आकडे उमटतात आणि खिडकीतून वजनाची पावती बाहेर येते. असे काटे या भागात पुष्कळ आहेत. पण इथला कॉम्प्युटर वेगळा बसवलाय. त्याचा पडदा आतल्या माणसाकडं नाही, बाहेरच्या शेतकऱ्याकडं तोंड करून आहे. आत बसलेल्या अंजनाकाकी मान वाकडी करून बाजूनं बघतात. त्यानं त्यांची मान दुखते. दुखण्याची तक्रार त्या येईल त्याच्याकडं करतात, पण पडदा फिरवायचं नाव काढलं तर अंगावर येतात.

याला कारण आहे. काकींचे वडील साखर कारखान्यावर ऊस घालायला जायचे तेव्हा काट्यावरचा माणूस आकड्याकडं आपली पाठ करून उभा राहायचा आणि तोंडी वजन सांगायचा. वडील टोपी काढून "बरं" म्हणायचे. ट्रॉलीवर बसलेल्या अंजनानं ते "बरं" किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. ते तिला अजून झोंबतं. म्हणून नवरा नानासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आला आणि आता काय धंदा करावा यावर घरात खल सुरू झाला, तेव्हा किराणा दुकान, पोल्ट्री वगैरे सगळं बाजूला सारून ही बाई म्हणाली, "आपुन काटा टाकायचा. आन् आकडा ज्येचा ऊस त्येला दिसला पायजे."

काटा पडला. काकी आत पावती काढतात आणि नानासो बाहेर उभे राहून गाड्या चढवतात. पेन्शन आणि मिशा यांच्याबरोबर त्यांनी फौजेतली हिंदीही जपून ठेवली आहे. "आने दो, आने दो, बस!" असं ते ओरडले की ट्रॅक्टरवाले हसत हसत ब्रेक दाबतात. कारखान्यावर जायच्या आधी आपलं वजन आपल्याला ठाऊक असावं म्हणून लोक वाकडी वाट करून इथं येऊ लागले. कुठं वजनावरून वाद झाला तर "अंजनाकाकींची पावती दावू का?" असं विचारण्यापर्यंत मजल गेली. काकींना याचा अभिमान होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

तर झालं असं. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. कुठल्याशा यात्रेतल्या कुस्त्या मोबाईलवर बारीक दिसतात म्हणून नानासोंनी दुपारच्या निवांत वेळी मोबाईलचं इंटरनेट काट्याच्या कॉम्प्युटरला जोडलं. तो कॉम्प्युटर बसवल्यापासून कधी इंटरनेटला लागलेला नव्हता. तिकडं पैलवानांनी एकमेकांचे पट काढले, इकडं नानासोंनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्या वेळात कॉम्प्युटरनं आपल्या मूळ कंपनीकडं स्वतःची चौकशी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा काळा. मधोमध वजनाचा चौकोन नेहमीसारखा, पण खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची ओळ. काकींना ती बाजूनं नीट दिसलीच नाही. दिसली ती खिडकीबाहेर उभ्या असलेल्या वीरधवलला. हा वीरधवल चाळिशीतला शेतकरी, बीएस्सी झालेला, आणि आवाज असा की त्याला गावसभेत माईक द्यायची गरज पडत नाही. तो दर खेपेला पडद्याला नाक लावून आकडा बघायचा. आज त्यानं कोपराही वाचला आणि मागच्या चार ट्रॅक्टरांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "विंडोजची ही प्रत खरी नाही."

"काय म्हनलास?" काकींनी विचारलं.

"मी न्हाई, तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय. आपुन खोटा हाय म्हणून."

"आरं ते कॉम्प्युटरचं काईतरी आसंल. काट्याचं न्हवं ते."

"आवं पण पावती त्येच्यातनंच येती न्हवं? ज्येच्या पोटात चोरीचा माल, त्येचा आकडा खरा कशावरनं धरायचा आमी?"

खरं म्हणजे यात काही तथ्य नव्हतं. वजन लोखंडाखालच्या यंत्रातून येतं, लाल आकड्यांच्या डब्यात दिसतं, आणि कॉम्प्युटर ते नुसतं पावतीवर छापतो. काकींनी हे समजावून सांगितलं, डबाही दाखवला. पण या भागात काट्यावर आधी संशय येतो आणि मग ट्रॅक्टर येतो. मागच्या चारांतले दोन वजन न करताच निघून गेले. संध्याकाळपर्यंत बातमी आष्ट्यापर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत चांगली बाळसं धरून बसली. काकींचा काटा नकली आहे, वजनमापाच्या साहेबांनी पकडलाय, असं लोक सांगू लागले. ओळखीचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून, हात करून पुढं जात होते. त्या हात करण्याचं काकींना जास्त लागलं. शिवी दिली असती तर उलटून दोन देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून जयराज आला. हा काकींच्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. काट्याचा कॉम्प्युटर त्यानंच बसवला होता. त्यानं पडदा पाहिला आणि हसून खुर्ची ओढली.

"हात्तिच्या! ह्येच व्हय? पाच मिंटात घालवतो आत्ती."

"घालवतो म्हंजे? खरी करतोस का झाकतोस?"

जयराजनं माऊस उगाच इकडंतिकडं हलवला. "झाकतो."

"म्हंजे लायसन घातलंच न्हवतंस तू?"

"कोन घालतंय आत्ती? तुमी म्हनला सगळं घालून दे, मी सगळं घातलं. निम्म्या सांगलीत असंच चालतंय."

नानासो दारात उभे राहून ऐकत होते. कुस्त्यांचं खापर अजून आपल्यावर फुटलेलं नाही याचा अंदाज घेत ते म्हणाले, "ऐसा करो. चार दिस पडदा आत फिरवू. हंगाम संपंस्तवर कुणाला दिसायचं न्हाई."

काकींनी नवऱ्याकडं असं पाहिलं की सुभेदार दोन पावलं मागं सरकले.

"दरसाल सायबाला बोलवून आपुन काट्याला शिक्का मारून घेतो का न्हाई?" त्या जयराजला म्हणाल्या. "शिक्का नसला तर एक तरी गाडी घेतो का आपुन?"

"त्ये वायलं, ह्ये वायलं आत्ती."

"कसं वायलं? दोनी एकाच खोलीत हायत. लोखंडाला शिक्का पायजे आन् ह्येला नको? मला खरी विंडोज पायजे. ती येस्तवर काटा बंद."

"भर हंगामात?" नानासो आणि जयराज एकदमच म्हणाले.

काकींनी सरळ बाहेर जाऊन काट्याच्या तोंडाला साखळी लावली आणि एरवी दर लिहायचा फळा पुसून त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "काटा बरोबर आहे. कॉम्प्युटरमधली विंडोज विनापरवाना निघाली. परवाना घेऊन मगच काटा चालू होईल. – अंजना." फळा रस्त्याच्या कडेला आणून ठेवला. आपल्या हातानं आपलीच अब्रू रस्त्यावर मांडायची ही कुठली रीत, असं नानासो दिवसभर म्हणत होते. काकींनाही आतून धाकधूक होती. नव्हती म्हणणं खोटं ठरेल. पण हे काम केल्यावर मानेचं दुखणं हलकं झाल्यासारखं वाटलं, हेही खरं.

लोक थांबून फळा वाचायला लागले. त्यात वीरधवलही आला. दोनदा वाचून म्हणाला, "विंडोजचं लिवलंय ते पटलं. पण काटा बरोबर हाय ह्ये कुणी सांगितलं?"

"तूच सांगशील," काकी म्हणाल्या. "काटा चालू झाला की तुजी भरली गाडी आदी तुला पायजे त्या काट्यावर न्हे. पावती खिशात ठेव, मला दावू नगंस. मग हितं ये. फरक पडला तर ह्यो काटा उचलून मी भंगारात घालीन."



खरी विंडोज काही लगेच आली नाही. जुन्या डब्यावर नवी विंडोज चढेना आणि जुन्या विंडोजचा परवाना आता कंपनी देईना. म्हणजे कॉम्प्युटरच नवा घ्यावा लागणार होता. काकी म्हणाल्या, घे. जयराज नवा घेऊन आला तर काट्याची वायर जुन्या पद्धतीची, मोठ्या तोंडाची, आणि नव्या कॉम्प्युटरला तसं भोकच नाही. तो परत सांगलीला गेला आणि मधे जोडायची वायर घेऊन आला. वजनाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, म्हणून तेही त्याच्या कंपनीकडून नवीन मागवलं. या धावपळीत जयराजची चांगलीच दमछाक झाली, आणि आत्तीनं त्याला रोज जेवायला घालताना एकदाही मऊ शब्द काढला नाही. वाढताना मात्र हात आखडला नाही.

"लायसन कुठाय?" सगळं जोडून झाल्यावर काकींनी पहिला प्रश्न विचारला.

"आता कागुद न्हाई आत्ती. आतच नंबर आसतोय. ह्ये बगा, हितं लिवलंय."

"मला काय दावतोस? पडदा तिकडं हाय. मोठ्या अक्षरात कर, भायेरनं वाचता आलं पायजे."

जयराजनं अक्षरं मोठी केली. मग वजनाचं सॉफ्टवेअर उघडलं. काटा रिकामा, आणि पडद्यावर आकड्यांऐवजी कसल्यातरी खुणा धावत होत्या.

"ये क्या है? चायनीज?" नानासो ओरडले.

"थांबा मामा. काटा एका वेगानं बोलतोय आन् ह्यो दुसऱ्या वेगानं ऐकतोय." जयराजनं कुठल्याशा खिडकीत जाऊन दोन्हींचा वेग जुळवला. खुणा गेल्या आणि पडद्यावर एक शून्य येऊन शांतपणे उभं राहिलं. लाल डब्यातही शून्य होतं. रिकाम्या काट्याच्या शून्याकडं बघून कुणी पदरानं डोळे टिपताना जयराज पहिल्यांदाच पाहत होता.

साखळी निघाली तेव्हा वीरधवल ठरल्याप्रमाणं भरली ट्रॉली घेऊन आला. कुठल्या काट्यावर जाऊन आला ते त्यानं सांगितलं नाही. तमाशा बघायला निम्मं गाव जमलं होतं. नानासोंनी "आने दो" म्हटलं. गाडी चढली, डुलली, थांबली. पडद्यावर आकडा हलत हलत स्थिर झाला.

वीरधवलनं पडद्याला नाक लावलं. आधी कोपरा पाहिला. कोपरा स्वच्छ होता. मग आकडा पाहिला. खिशातली पावती काढली, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि पावती खिडकीच्या काचेला आतून दिसेल अशी चिकटवून धरली.

"तंतोतंत," तो म्हणाला. त्याचा तो माईक न लागणारा आवाज आज पहिल्यांदा काकींच्या उपयोगी पडला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. गाड्या परत यायला लागल्या, आधीपेक्षा जास्तच. जयराजचा मात्र आठवड्यानं फोन आला. इतर काट्यांवरचे शेतकरी पडदा बाहेर फिरवा म्हणत होते आणि कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचत होते. काटेवाले त्याच्या दुकानात येऊन खरी विंडोज मागत होते. "आत्ती, तुमी माजी पंचाईत केलीसा," तो म्हणाला. "कसली पंचाईत? धंदा वाढवून दिला तुजा," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

हंगाम संपत आला तेव्हाची गोष्ट. वीरधवल शेवटची ट्रॉली घेऊन आला. गाडी काट्यावर चढवली, खाली उतरला आणि नानासोंशी कुस्त्यांवर बोलत उभा राहिला. बोलता बोलता त्यानं खिडकीत नुसता हात घातला.

"द्या काकी पावती."

काकी मान वाकडी करून त्याच्याकडं बघत होत्या. ज्या माणसानं हंगामभर पडद्याला नाक लावलं, तो आज पडद्याकडं फिरकलाही नव्हता. काकींना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की क्षणभर पावती द्यावीशी वाटली. मग त्यांनी छापलेली पावती खिडकीपासून मागं ओढली.

"आदी हिकडं ये," त्या म्हणाल्या. "आकडा बघ."

"आवं काकी, तुमच्यावर इस्वास हाय की आता."

"आसूदे. माजा बाप बी असाच इस्वास ठिवून बरं म्हनायचा." त्यांनी पावती घट्ट धरून ठेवली. "बघितल्याशिवाय गावायची न्हाई."