आग्रहाचे गरे

"पुरे! अरे, पुरे म्हणतोय ना!" तपासणीला आलेले साहेब माझ्या खुर्चीवर चढून ओरडत होते आणि अख्खी चौथी हातात गरे घेऊन त्यांना वेढून उभी होती.

आज बाजारात बरका फणस दरवळला आणि दाभोळजवळची ती शाळा डोळ्यांपुढे आली. शिष्टाचाराच्या तासाला मीच शिकवलं होतं, की पाहुणा 'नको' म्हणतो ते संकोचाने, आपण आग्रह सोडायचा नाही. पोरांनी तो असा धरला, की साहेबांच्या चिकट मिशीत खाडीतलं गलबतसुद्धा अडकून बसलं असतं. मी "बसा रे!" म्हणून बोंबललो, तर त्यांनी साहेबांनाच खाली बसवलं आणि आणखी भरवलं.

लांज्याला माझी आई एकटी होती. तिकडची बदली याच साहेबांच्या एका शब्दावर अडली होती, पण शब्द निघायला तोंड रिकामं हवं ना! मी नुसता पंचा घेऊन उभा. साहेब माझ्याकडे न बघता जीपमध्ये चढले आणि माझी बदली गऱ्यासारखी सुळकन घशाखाली गेली. उभ्या नोकरीत मुलांनी पुरता गिरवलेला माझा तेवढा एकच धडा, हे आज कळतंय.

त्या दिवशी शाळा सुटताना, सगळ्यात मोठा गरा कोंबणाऱ्या नफिसाला मी दरडावलं, "अगं, साहेब खरंच नको म्हणत होते, कळलं नाही तुला?"

दप्तर खांद्याला लावत ती म्हणाली, "अब्बा पण दुबईला निघताना नको म्हणतात, गुरुजी. अम्मी पिशवी भरतेच."