पहिला टॉवेल

आमच्या गल्लीतला न्हावी सकाळी दुकान उघडताच धुतलेल्या टॉवेलांची चळत मांडायचा. वरचा करकरीत टॉवेल पहिल्या गिऱ्हाइकाचा. तो मान वर्षानुवर्षे घरमालकाचा. दुकानाचे छप्परच त्याचे, मग टॉवेल दुसऱ्या कुणाचा असणार?

न्हावी येशूच्या मागे गेला तेव्हा थोरल्या भावाने त्याला वडिलांच्या दुकानातून हाकलले होते. त्याचा आरसा रस्त्यावर आणून ठेवला आणि म्हणाला, "यात तुझा देव दिसतोय का बघ." न्हाव्याने आरसा उचलला आणि आमच्या घरासमोरचा गाळा भाड्याने घेतला. पुढे थोरल्याला दारू लागली. वडिलांचे दुकान गेले, बायको माहेरी गेली, आणि तो बसथांब्यावर पडून राहू लागला.

न्हावी रोज पहाटे त्याला उठवायला जायचा आणि शिव्या खाऊन परत यायचा. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला हरवलेल्या मेंढरामागे हिंडणाऱ्या मेंढपाळाची, येशूने सांगितलेली गोष्ट सांगितली होती. आम्ही मुलींनी ते मेंढरू कापूस चिकटवून सजवले होते. ते लाथा मारते, हे कुणी सांगितले नव्हते.

"किती दिवस जाणार आहेस रे?" मी एकदा विचारले.

"आजी, मी पळत होतो तेव्हा येशू माझ्यामागे कमी हिंडला का?"

एका सकाळी थोरला खरेच त्याच्यामागून चालत आला. घरमालक दारात उभाच होता. न्हाव्याने भावाला खुर्चीत बसवले आणि वरचा टॉवेल त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" घरमालक म्हणाला. "यानेच हाकललं होतं ना तुला?"

"यानेच. बसा मालक, दुसरा टॉवेलही धुतलेलाच आहे."

"दुसरा? मला? याला उठव, नाहीतर संध्याकाळपर्यंत गाळा रिकामा कर."

थोरला उठू लागला. "सोड रे पाद्रीबुवा, माझ्यापायी कशाला..."

न्हाव्याने त्याचा खांदा दाबला. "हलू नकोस दादा, कापेल." आणि तो फेस लावू लागला.

संध्याकाळी आरसा पुन्हा रस्त्यावर आला. या वेळी न्हाव्याने स्वतःच आणला. मी म्हटले, "माझ्या ओसरीवर टांग."

मुलगा फोनवर कुरकुरला, "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दाढी वाढली की येतील." आमच्या यांनी बांधलेले घर आहे, आणि ते माझ्या नावावर आहे.

थोरला सुधारला असे लिहायला मला आवडले असते. आठवडाभर ओसरीवर आला, मग पुन्हा गायब. घरमालकाच्या धाकाने निम्मी गिऱ्हाइके फिरकत नाहीत. न्हावी मात्र रोज चळत मांडतो, वरचा टॉवेल खांद्यावर टाकतो आणि निघतो.

परवा घरमालक ओसरीपाशी थांबला. गल्लीत दुसरा न्हावी नाही. "आजी, तुमचा न्हावी कुठाय?"

"भावाला आणायला गेलाय. बसा ना," मी म्हटले. "दुसरा टॉवेल तुमचाच आहे."